उत्तरेचा बाण

आमच्या कल्याणच्या वाचनालयाचे चिटणीस गेल्या आठवड्यात घरी आले आणि म्हणाले, "मोरोपंत, दिवाळीच्या अंकासाठी काही तरी लिहा. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेत. सुंदर इमारत कशाला म्हणावं ते आमच्या तरुणांना सांगा. आणि नकाशांच्या चढाओढींत तुम्ही भाग घेत होतात म्हणे, त्यात उतरून काय मिळतं तेही येऊ द्या."

मी लगेच हो म्हटलं. घरी कोणी येत नाही, त्यामुळे आलेल्या माणसाला नाही म्हणायची सवयच राहिलेली नाही. चिटणीस चहा पिऊन गेले, मी कागद पुढे ओढला, आणि सुंदर इमारतीबद्दल एक अक्षर सुचेना. डोळ्यांपुढे येत होता तो एक लिफाफा. लाख लावून बंद केलेला, वर नाव नाही, नुसती एक बारकी पाटी, भाजीची टोपली, काढलेली. हा लिफाफा सहा वर्षं, आधी कचेरीत आणि मग माझ्या भिंतीतल्या कपाटात, पडून होता. ज्याचा त्याला नेऊन देणं माझं काम होतं आणि ते मी करत नव्हतो. तेव्हा चिटणीसांनी माफ करावं, मी लिफाफ्याचीच हकिकत लिहितो. सुंदर इमारतीचं काय ते त्यात आलं तर आलं.

आधी धंदा सांगतो, कारण आमचा धंदा लोकांना कळत नाही. माझी बायको, बिचारी लवकर गेली, ती शेजारणींना सांगायची, "हे कचेरीत चित्रं काढतात." चित्रं कसली, कपाळ माझं! मी ठाण्याच्या सरकारी बांधकाम कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. एका इमारतीचे तीन नकाशे काढावे लागतात. वरून पाहिल्यावर भिंती कुठे, दारं कुठे, जिना कुठे हे दिसतं तो तळाचा नकाशा. समोर रस्त्यावर उभं राहून जे दिसतं तो दर्शनी. आणि इमारत फणसासारखी उभी कापली तर आत जे दिसेल, जोतं किती उंच, छप्पर किती उतरतं, वारा कुठून शिरतो, तो छेद. हे तिन्ही शाईची कांडी घासून, श्वास रोखून काढायचे. एक थेंब पडला की आठवड्याचं काम फुकट. आणि शेवटी खाली सही करायची साहेबाने. आमचं नाव कुठेही नाही. ठाण्यापासून शहापूरपर्यंत मी रेघ ओढलेल्या शाळा, चावड्या, दवाखाने उभे आहेत, आणि त्यातल्या एकाही दगडाला माझं नाव ठाऊक नाही.

आमची म्हणून एकच गोष्ट त्या कागदावर असायची. नकाशावर उत्तर कुठे ते दाखवावं लागतं, नाही तर गवंडी इमारत भलतीकडे तोंड करून बसवायचा. त्यासाठी कोपऱ्यात एक बाण काढतात. तो कसा काढावा याला नियम नव्हता आणि साहेब त्याकडे बघत नसत. म्हणून प्रत्येकजण आपापला बाण काढी आणि जन्मभर तोच काढी. माझ्या बाणाच्या टोकाला कमळाची कळी असे. मला त्या कळीचा फार अभिमान होता, आता हसू येतं. माझ्या समोरच्या टेबलावर आंतोन बसे. त्याच्या बाणाच्या शेपटाला वल्ह्याचं पातं असे.

आंतोन माजिवड्याचा. ठाण्याहून कोसभर उत्तरेला ते गाव, भातशेती आणि वाड्यांचं. घर ख्रिस्ती, बाप सुतार, आईचं माहेर खाडीकाठच्या होड्यावाल्यांचं. बापाच्या हाताखाली छपरं चढवता चढवता पोरगा नकाशे वाचायला शिकला आणि साहेबाच्या नजरेत भरला. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. तो माझ्या माठातलं पाणी पीत नसे, मी त्याच्या. त्या काळी ते तसंच होतं आणि त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. बाकी मात्र आमचं एकमेकांवाचून पान हलत नसे. दुपारी मी डबा उघडला की तो विचारी, "मोरोबा, वहिनीनं आज काय धाडलं?" आणि वहिनी गेल्यावर त्याने तो प्रश्न कधी विचारला नाही. नुसता माझ्या डब्याकडे बघून आपला पाव निमूट खाई.

इमारत म्हणजे काय, यावर आमचं रोज वाजे. मी दर्शनीचा भक्त. म्हणायचो, इमारतीने गावाकडे तोंड करून उभं राहावं, कमान हवी, पाखाखाली नक्षी हवी, शक्यतो मनोरा हवा. लांबून येणाऱ्याने मान वर केली पाहिजे. आंतोन छेद मांडून बसायचा. "मोरोबा, तू तोंड बघून लगीन लावतंस. मी बघतो घरात चूल पेटते का धूर कोंडतो."

"धुराचं आयुष्य किती, आणि दगडाचं किती?" मी म्हणायचो.

"पन धूर माणसाच्या डोल्यांत जातो नं. दगडाला कुठं डोले हायत?"

एकदा इथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने नवं घर बांधायचं काढलं आणि आम्हा दोघांना आणि मुंबईच्या आणखी एकाला नकाशे काढायला सांगितले. तिघांतला बरा तो घेणार. शेटजींना बारा खांब पाहिजे होते. छपराला चार पुरत होते, पण मी बाराच्या बारा दिले, त्यावर फुलं काढली. मुंबईवाल्याने सोळा दिले. निवाडा करायला शेटजींनी आपल्या आईला बसवलं. म्हातारीला नकाशा कळत नव्हता. तिने तिघांना एकच विचारलं, "पाण्याचा माठ कुठे राहील?" मी खांबांकडे बघत राहिलो. मुंबईवाला म्हणाला, ते मागाहून ठरवता येईल. आंतोनने कागदावर बोट ठेवलं. "हितं, आजी. उत्तरेची भिंत. हितं ऊन कवाच येत नाय, आन् चुलीपासून तुमची चार पावलं." म्हातारी म्हणाली, "ह्याचंच बांधा." मी दोन दिवस तोंड पाडून होतो. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी जे शिकलो ते कचेरीत कोणी शिकवलं नव्हतं.

मोठ्या चढाओढी वेगळ्या. कुठे धर्मशाळा, कुठे टाउन हॉल, कुठे मंडई बांधायची असली की कमिटी नकाशे मागवी. त्यांची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नकाशावर नाव घालायचं नाही. त्याऐवजी एक खूण काढायची, कोणी कमळ काढी, कोणी संस्कृत वचन लिही. एकाने सिंह काढला होता, तो मांजर दिसत होता. तीच खूण एका बंद लिफाफ्यावर काढायची आणि नाव लिफाफ्याच्या आत. परीक्षकांनी आधी नकाशा पसंत करायचा आणि मग फक्त त्या एकाचा लिफाफा फोडायचा. बाकीचे न फोडता परत. का, तर परीक्षकाने जात, गाव, ओळख काही न बघता निवडावं म्हणून. आणि जिंकणाऱ्याचं नाव जोत्याच्या दगडावर कोरत. नाव कोरलं जाण्याची आम्हाला एवढी एकच वाट होती.

आम्ही सात वेळा उतरलो, सातही वेळा लिफाफे जसेच्या तसे परत आले. पहिल्यांदा मला रडू यायचं बाकी होतं. आंतोनने माझा लिफाफा उलटासुलटा केला आणि हसला. "लाख मोडली का? नाय. मग तुझं नाव कुनी वाचलंच नाय. हरली ती खूण. मानूस हरत नाय रे." पुढे प्रत्येक वेळी आम्ही एकमेकांना हेच सांगत असू.

चढाओढीचा फायदा विचाराल तर तो हा होता. दिवसभर साहेबाने सांगितलेल्या रेघा ओढायच्या, पण रविवारी माझ्या ओटीवर कागद पसरला की आम्ही कोणाचे चाकर नव्हतो. माझ्या घरात त्या रविवारांइतका आवाज ना त्याआधी झाला, ना नंतर.

आठव्या वेळी आम्ही एकत्र उतरलो. एक नकाशा, एक लिफाफा, आत दोन नावं. कल्याणातली धर्मशाळा होती. तळाचा नकाशा आणि छेद त्याचा, दर्शनी माझी. मनोऱ्यावरून भांडून भांडून शेवटी मनोरा नाही असं ठरलं. नकाशे द्यायच्या आधल्या आठवड्यात त्याचा बाप आजारी पडला आणि तो माजिवड्याला जाऊन राहिला. मी एकटा त्या कागदासमोर बसलो. मला ती दर्शनी बोडकी दिसायला लागली. दोन दिवस हात आवरला, तिसऱ्या दिवशी मी मनोरा चढवला. त्याला न विचारता.

नकाशा परत आला तेव्हा परीक्षकाचा शेरा सोबत होता. आतली रचना सर्वांत उत्तम, पण मनोरा निरुपयोगी असून त्यापायी ओवरीचा वारा अडतो, म्हणून नापसंत. आंतोनने शेरा वाचला, मनोरा बघितला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मोरोबा, तू मानसांसाठी काढत नायस. बघनाऱ्यांसाठी काढतंस."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चूक माझी होती म्हणून जास्तच झोंबल्या. मी म्हणालो, "सुताराच्या पोराला छपरापलीकडचं काय दिसणार?"

हे वाक्य मी सगळ्या कचेरीसमोर म्हणालो. त्याने कंपासपेटी आवरली आणि दुसरं टेबल मागून घेतलं. त्याच वर्षी त्याने नोकरी सोडली. माजिवड्याला राहून तो खाजगी नकाशे करतो असं कानावर येई. मी दर आठवड्याला ठरवायचो की या रविवारी जाऊ आणि माफी मागू. रविवार यायचा, जायचा. त्याने यावं असंही मनात होतंच, उगाच लपवत नाही. मग माझी बदली कल्याणला झाली, ठाण्याच्या कचेरीतले जुने लोक गळाले, आणि त्याचं नाव काढणारं कोणी उरलं नाही. घरात दोन पाट होते, मी एकच मांडत असे. कागद पसरून बसलो की अजून तोंडातून निघायचं, "हे बघ रे." समोर भिंत.

बारा वर्षं अशी गेली. मी हेड ड्राफ्ट्समन झालो, डोक्यावरचे केस गेले. तेव्हा इथल्या बंदरावर भाजी आणि मासळी विकणाऱ्या बायकांसाठी मंडई बांधायचं ठरलं आणि चढाओढ जाहीर झाली. पाच प्रतिष्ठित मंडळींची कमिटी. त्यांना नकाशे वाचता येत नव्हते, म्हणून मोजमापं तपासून सांगायला मला नेमलं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या पलीकडल्या बाजूला बसलो.

चौदा नकाशे आले. तेरांमध्ये माझ्यासारख्यांची गर्दी होती, कमानीच कमानी, सहा जणांनी मनोरे दिलेले. चौदावा उलगडला आणि मी खुर्चीवर सरळ झालो. लांबट, बसकी इमारत. पश्चिमेचं छप्पर इतकं खाली ओढलेलं की दुपारचं ऊन मासळीपर्यंत पोचू नये. ओटे असे उतरते की धुतलेलं पाणी आपोआप खाडीकडे जावं. आणि प्रत्येक दारापाशी, आत शिरता शिरता, भिंतीतून बाहेर आलेला एक रुंद दगडी कट्टा, बाईच्या हनुवटीच्या उंचीचा. बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "डोक्यावरची पाटी उतरवायला दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून." मी ते तीनदा वाचलं. आजवर शेकडो नकाशे पाहिले, पण पाटी डोक्यावरून खाली कशी येते याचा विचार कोणी केलेला पाहिला नव्हता.

मग माझी नजर कोपऱ्यात गेली. उत्तरेचा बाण. शेपटाला वल्ह्याचं पातं.

आनंद झाला का? झाला, अगदी पहिल्या क्षणी झाला. अरे, हा अजून काढतोय! आणि लगेच त्या आनंदाला काही तरी चावलं. बारा वर्षं हा तिकडे माझ्यावाचून काढतो आहे, आणि माझ्याहून चांगलं काढतो आहे. जोत्यावर याचं नाव लागणार आणि ते मी माझ्या हाताने मंजूर करायचं. छापील अटींत एक कलम होतं, कर्त्याची ओळख पटेल असं कोणतंही चिन्ह नकाशावर असता कामा नये, आढळल्यास नकाशा बाद. कमिटीतल्या एकालाही त्या बाणातून काही कळणार नव्हतं. ते वल्हं ओळखणारा सगळ्या जिल्ह्यात मी एकटा उरलो होतो.

तीन दिवस मी स्वतःशी वाद घातला. गप्प बसलो आणि उद्या कोणी म्हणालं की हे दोघं एका टेबलावर होते, तर? आपण प्रामाणिक माणूस, कलम म्हणजे कलम. असे मोठमोठे शब्द मी वापरले. आज सांगतो, प्रामाणिकपणाचा त्यात मोहरीएवढाही संबंध नव्हता. मला तो जिंकायला नको होता.

चौथ्या दिवशी मी कमिटीला म्हणालो, "नकाशा उत्तम आहे. पण हा हात माझ्या ओळखीचा आहे. कलमाप्रमाणे बाद करावा लागेल."

अध्यक्ष हळहळले. "मोरोपंत, तुमच्यासारखी सचोटी हल्ली बघायला मिळत नाही," म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

दुसऱ्या नंबरचा नकाशा पहिला ठरला. मंडई उभी आहे, जाऊन बघा. मनोरा आहे. त्यावर बसवायचं घड्याळ शेवटपर्यंत आलंच नाही, गोल भोकात पारवे राहतात. दुपारी ऊन सरळ आत शिरतं, मासळी तापते, आणि बायका पाट्या उचलून बाहेर मनोऱ्याच्या सावलीत जाऊन बसतात. सावली सरकते तशा त्याही सरकतात. त्या मनोऱ्याचा तेवढाच उपयोग. आत शिरताना प्रत्येक बाई पाटी डोक्यावर धरून थांबते आणि हाक मारते, "अगं, हात लाव गं!" मी बंदरावर फिरायला जायचं सोडलं.

हरलेल्यांचे नकाशे आणि लिफाफे परत करायचं काम माझ्याकडेच होतं. खुणेची अर्धी पावती दाखवायची आणि आपलं न्यायचं. बाकी सगळे येऊन घेऊन गेले. बारक्या पाटीची खूण असलेला लिफाफा आणि त्याची गुंडाळी न्यायला कोणी आलं नाही. आंतोनला मी इथे आहे हे कळलं असेल, म्हणून येत नसेल, असं मी धरून चाललो. मी पेन्शनीत निघालो, गुंडाळीसकट लिफाफा माझ्या घरी आला. कधी कपाट उघडलं की दिसायचा. लाख शाबूत. हरली ती खूण, मी स्वतःला सांगायचो आणि दार लावायचो.

यंदा दसऱ्याआधी भिंतींना चुना लावायला माणूस आला. म्हणाला, "बाबा, कपाट रिकामं करा." सगळं ओटीवर आणून ठेवलं. पाहिलं तर माझ्या जन्माचं सामान एका चटईवर मावलं होतं, आणि त्यात दुसऱ्याचं एकच होतं. मी पगडी घातली, लिफाफा आणि गुंडाळी घेतली आणि निघालो.

ठाण्याला उतरून चालत माजिवड्याला पोचेपर्यंत दुपार झाली. वाटभर वाक्य जुळवत होतो. आंतोन, चुकलो. आंतोन, म्हातारा झालो रे, आता पुरे. त्याचं घर विचारलं तेव्हा वाटेवरचा माणूस माझ्याकडे जरा बघत राहिला, पण बोट दाखवलं त्याने.

ओटीवर लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली तिशीची बाई वाल निवडत बसली होती. मी विचारलं, "आंतोन आहे का घरात?"

तिने हात थांबवला. "बापूस? बापूस मरून सात वर्सं झाली. तुमी कोन?"

मी तिथल्या पायरीवर बसलो. सात वर्षं. आणि मंडईच्या नकाशाला झाली होती सहा.

"मी मोरेश्वर," एवढंच म्हणता आलं. "कल्याणचा."

"मोरोबाकाका?" ती उभी राहिली. "बापूस लय बोलायचा तुमचं. मोरोबासारखी शाई कुनी भरत नाय, म्हनायचा."

मी पाणी मागितलं. ती घुटमळली. म्हणाली, "आमच्याकडचं चालंल तुमाला?" मी म्हटलं, "दे, बाई." तिने तांब्या आणून दिला आणि मी तो सगळा प्यायलो.

मग हळूहळू कळलं. नोकरी सोडल्यावर चारपाच वर्षांत आंतोनच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले. तो तोंडाने सांगे आणि ही काढी. शाळा नाही, कचेरी नाही, ओटीवर बापाशेजारी बसून ती तिन्ही नकाशे शिकली. आई ठाण्याच्या बाजारात भाजी विकायची, लहानपणी ही डोक्यावर पाटी घेऊन तिच्याबरोबर जायची. बाप गेल्यावर एका गवंड्याने कल्याणच्या मंडईचं सांगितलं. नाव वर घालायचं नाही, आत बंद करायचं, हे ऐकून तिला धीर आला. बाईचा नकाशा उघड कोण घेणार होतं? गवंड्याच्या हाती तिने तो पाठवला.

"मग परत न्यायला का नाही आलीस?"

"कशी येनार? गवंडी दुसरीकडं कामाला गेलेला. तितं समदे मोठे लोक. पावती दावली की कललं असतं, बाई हाय म्हनून. अजून हसले असते." ती माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघत होती. "काका, तुमाला ठावं असंल. काय चुकलेलं त्याच्यात? मी लय डोकं लावलं. कट्टा उंच झाला का? छप्पर खाली आलं? मना काय कललंच नाय. त्याच्यामागं मी एक रेघ वडली नाय."

खोटं बोलायला एक क्षण होता माझ्याकडे. पण तेवढं तरी मी केलं नाही.

"काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "चौदांत तुझाच पहिला होता. मी बाद करायला लावला. बाणावरून. मला वाटलं आंतोनचा आहे."

"बानावरून?" तिने गुंडाळी माझ्या हातातून घेतली, सोडली आणि कोपऱ्यातल्या त्या वल्ह्यावर बोट ठेवलं. "उत्तरेचा बान असाच काडतात नं? बापसानं मना असाच शिकवला."

दुसरा बाण तिने कधी पाहिलाच नव्हता. हनुवटीच्या उंचीचा तो कट्टा माझ्यासमोर होता. पाटी वाहिलेल्या माणसावाचून कोणाच्या डोक्यात तो आला नसता, आणि आंतोनने जन्मात पाटी वाहिली नव्हती. लिफाफ्यावर खूणसुद्धा पाटीचीच होती. माझ्या हातात नकाशे वाचायचं काम दिलं होतं. मी फक्त बाण वाचला.

तिने नकाशा ओटीवर पसरून ठेवला. मग म्हणाली, "तुमाला वाटलं बापूस हाय. मंग बापसाला तरी का काडलात?"

गुंडाळी गेली, माझ्या मांडीवर लिफाफा तेवढा उरला होता.

तिने वालाचं सूप बाजूला सारलं. "बापूस म्हनायचा, हरते ती खून, मानूस हरत नाय. खोटं हाय ते. सा वर्सं मीच हरत होते." तिने लिफाफा माझ्या मांडीवरून उचलला, लाख मोडली, आतला कागद काढून माझ्यापुढे धरला.

"वाचा. कुनी तरी वाचायला पायजे."

डोळ्यांत पाणी आल्यामुळे अक्षरं हलत होती. अक्षर सुरेख होतं, आंतोनच्या वळणाचं. मी मोठ्याने वाचलं, "रेजिना आंतोन. माजिवडे."

"परत."

"रेजिना आंतोन. माजिवडे."

तिने कागदाची घडी घातली, नकाशा गुंडाळला आणि दोन्ही घेऊन घरात गेली. दार लावलं नाही. मी पायरीवर बसून राहिलो, ऊन ओटीवर चढेपर्यंत. ती बाहेर आली नाही. मग मी तांब्या दारापाशी ठेवला आणि चालायला लागलो.